सप्ताहातल्या खळ्याची नोंद

या, पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या, इथे जागा आहे, आणि ही गोष्ट काही टिपेच्या सुरात सांगायची नव्हे. देवासाठी पाळलेल्या एका नेमापायी एका घराची जमीन कशी जायला निघाली, आणि ती राखता राखता घरातली माणसं एकमेकांशी कशी वागली, ते आज ऐका. कुठे चुकलंमाकलं तर पदरात घ्या.

शिवा नाखव्याला समुद्राने नेलं ती कथा आपली होऊन गेली. त्याला आता बावीस वर्षं झाली. मागे राहिली त्याची बायको सोनूबाई, मुलगा प्रितेश, धाकटा भाऊ तुळशीदास आणि तुळशीदासाची लेक किर्ती. शिवाय वरळी कोळीवाड्यात घरामागचं ते खळं. चोपून सपाट केलेली, सारवलेली जमीन. खाली बारीक कोळंबीसारखा जवळा पसरायचा आणि वर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगायचे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की ते दोरीवर घोड्यावर बसल्यासारखे बसतात, वाऱ्याने हलतात पण पडत नाहीत. हे काम सोनूबाई सासूकडून शिकली, आणि आता तिच्यासोबत वाड्यातल्या आणखी दहा बाया तिथेच आपापलं वाळवण घालत. कागद कुणाच्याच नावावर नव्हता. खळ्याचा कागद आजवर कुणी मागितलाही नव्हता.

माघातला सप्ताह वीस दिवसांवर आला होता, त्या रविवारी दुपारी सगळे सोनूबाईच्या ओटीवर जमले. जेवणं झालेली. प्रितेशने एक सल्लागार आणला होता, हितेंद्र नावाचा. नकाशे, हरकती, सुनावण्या हाच त्याचा उद्योग. त्याने आराखड्याचा नकाशा लादीवर पसरला आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवले.

"हे तुमचं घर. ही गल्ली. आणि हा करडा चौकोन बघा, मावशी."

"ह्यो आपला खळा," सोनूबाई म्हणाली.

"नकाशात खळं नाही. नकाशात सार्वजनिक वाहनतळ आहे."

"गाड्या?"

"गाड्या. किनाऱ्यावर फिरायला येतात ना लोक, त्यांच्या."

सोनूबाईने नकाशाकडे पाहिलं. तिला त्यात काही कळत नव्हतं असं नाही. समुद्र कुठे आहे ते कळलं की बाकी सगळं तिला आपोआप कळत असे. करडा चौकोन बरोबर तिच्या हातापायांखालचा होता.

"हा अजून कच्चा आराखडा आहे," किर्ती म्हणाली. ती दादरच्या एका बँकेत होती आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून जुने कागद तिनेच काढून आणले होते. "हरकती मागवल्यात. उद्या आपली सुनावणी. समितीला पटलं तर आरक्षण उठतं."

"पटायला कारण पाहिजे," हितेंद्र म्हणाला. "आणि अडचण ही इथे आहे."

अडचण म्हणजे एक पानभर नमुना. तीन वर्षांपूर्वी पाहणीवाले वाड्यात घरोघर फिरले होते, तेव्हा भरलेला. गेल्या तीन महिन्यांत तो कागद घरातल्या प्रत्येकाने इतक्या वेळा हातात घेतला होता की घड्यांवर फाटायला आला होता. सध्याचा वापर: मोकळी जागा. वर्षातून एकदा धार्मिक कार्यक्रम. मासळी वाळवणे: नाही. खाली तुळशीदासाची सही, शाळेत गिरवल्यासारख्या गोल अक्षरांत.

तुळशीदास दाराशी पायरीवर बसला होता. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, अंगाने किरकोळ, पण गळा असा की काल्याच्या कीर्तनात त्याने मागून धरलेला सूर बुवांना पुढे चार पावलं नेई.

"काका," प्रितेश म्हणाला, "परत एकदा सांगा. यांना पण ऐकू दे. 'नाही' तुम्ही बोललात?"

"त्यांनी विचारला, आज हितं मासली वाळत घातलीय का. नव्हती घातली. मी मान हलवली."

"आज नव्हती. पण रोज असते, हे सांगायला काय झालं होतं?"

"वीणा होती खांद्यावर."

"वीणा होती खांद्यावर," प्रितेश हितेंद्रकडे वळून म्हणाला. "आता उद्या समितीपुढे हेच बोलू. साहेब, आमच्या काकांच्या खांद्यावर वीणा होती म्हणून अकरा बायांचे बोंबील गायब झाले."

हितेंद्र हसला. किर्ती हसली नाही.

मंडळी, नेम असा होता. सोनूबाईच्या सासऱ्याने फार वर्षांपूर्वी गिरगावातून एक कीर्तनकार बुवा वाड्यात आणले. बुवा गोड माणूस, पण मासळीच्या वासाने त्यांचा गळा धरे. त्याला ते तरी काय करणार. सासऱ्याने खळं धुऊन काढलं, वलांड्या उतरवून घरामागे रचल्या, शेणाने सारवलं आणि बुवांपुढे शब्द दिला की वीणा उभी असेतोवर सात दिवस इथे मासळी येणार नाही आणि मासळीचं नावही कुणी काढणार नाही. बुवा गेले, सासरा गेला. शब्द मात्र घराने धरून ठेवला. त्या सात दिवसांत खळ्यात कुणी 'बोंबील' म्हटलं तर शेजारची म्हातारी त्याला समुद्रात बुडी मारून यायला लावी. पाहणीवाले आले तो सप्ताहाचा चौथा दिवस होता. रांगोळ्या, मांडव, ऊदबत्ती, आणि पहाऱ्याला वीणा घेऊन तुळशीदास. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.

"तर आपण असं लिहिलंय," हितेंद्रने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. "सदर नमुन्यावर सही करणारे इसम हे वृद्धापकाळामुळे विस्मरणाने ग्रस्त असून त्यांना स्वतः दिलेल्या उत्तरांचा अर्थ उमगत नव्हता. सबब त्यांचा जबाब ग्राह्य धरू नये."



"म्हणजे माझ्या बाबांना वेड लागलंय, असंच ना?" किर्ती म्हणाली.

"वेड कोण बोललं? विस्मरण. वयात होतं सगळ्यांना," प्रितेश म्हणाला. "कागदावरचा एक पॉइंट आहे तो. उद्या वाचला, परवा कपाटात गेला. काकांना काय फरक पडतो त्याने?"

"तुला पडला असता. तुझ्याबद्दल लिहिलं असतं तर."

"माझ्यावर लिही. मी सही करतो. पण नमुन्यावर सही माझी नाही ना, किर्ती. तुझ्या बाबांची आहे."

"मग जे झालं तेच सांगा ना. सप्ताह होता, नेम होता."

"खरं सांगितलं तर ते काय म्हणतील सांगू?" हितेंद्र समजावणीच्या स्वरात म्हणाला. "म्हणतील, माणूस शहाणा आहे, प्रश्न कळला, उत्तर दिलं, सही केली. मग नोंद पक्की. ताई, मी अशा वीसेक सुनावण्या केल्यात. भक्तिभावाचा रकाना नसतो तिथे."

किर्ती सोनूबाईकडे वळली. "काकी, तुम्ही बोला. बाबा तुमचंच ऐकतात."

खरंच होतं ते. सोनूबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तुळशीदास नऊ वर्षांचा होता आणि आई गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हता. तिने त्याला जेवू घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, शाळेच्या दारापर्यंत ओढत नेलं. साठ वर्षांत त्याने तिला वहिनी म्हणताना कधी आवाज चढवला नव्हता.

"अकरा बायांचं पोट हाय तिकडं," सोनूबाई म्हणाली, आणि नकाशाच्या कोपऱ्यावरचा पेला उगाच सरळ केला.

किर्तीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग रिकाम्या कपबशा गोळा करून ती आत मोरीवर गेली, आणि त्या धुण्याचा आवाज नको तेवढा मोठा येत राहिला.

"लिवा," पायरीवरून तुळशीदास म्हणाला. "किर्ती, भांडू नको. माज्यापायी गेला, माज्यापायी येऊ दे. मी काय बोलायचा ते सांग, हितेंद्र."

"फार काही नाही, काका. काही विचारलं तर म्हणायचं, आठवत नाही."

"बरा."

आता सोनूबाईच्या मनातलं एक तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या चौथ्या दिवशी ती तिथेच होती. मांडवाच्या कडेला, दहा पावलांवर, रांगोळीचा डबा घेऊन उकिडवी बसलेली. पाहणीवाल्याने विचारलेला प्रश्न तिने ऐकला होता आणि दिराने हलवलेली मानही पाहिली होती. नेम दोघांनाही होता, ते ठीक. पण पाहणीवाले मग खळ्याबाहेर गेले, गल्लीच्या तोंडाशी गाडीजवळ थांबले, आणि त्यांना चहा नेऊन दिला तो तिनेच. गल्लीत वीणा नव्हती. तिथे ती मोकळेपणी सांगू शकली असती. इतक्यात त्यातला एक जण, चांगल्या घरचा दिसणारा मुलगा, म्हणाला होता, "आजी, किती स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही. कोळीवाडा वाटत नाही. जरासुद्धा वास नाही."

आणि सोनूबाई गप्प राहिली. नुसती गप्प नाही, तिला बरं वाटलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती त्या वाक्यावर चालत होती.

तीन महिने घरातल्या सगळ्यांनी तुळशीदासाला बोलून घेतलं. तीही त्यात होती. एकदा तर तिने त्याच्या ताटात भात वाढता वाढता म्हटलं होतं, "देवानं तोंड दिलाय ना भावजी तुमाला, का नुसता गायाला?" त्याने तेही मान खाली घालून खाल्लं होतं.

सोमवारी सकाळी टॅक्सीने ते दादरला गेले. सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर, लांब टेबल, त्यामागे समितीचे तीन जण. मधल्या खुर्चीत बसलेल्या बाई अध्यक्ष होत्या. दारावरच्या कागदावर संघमित्रा असं नाव होतं. किर्तीने ते वाचून दाखवलं. पांढरे केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर. बाहेर बाकांवर ठिकठिकाणचे लोक, प्रत्येकाच्या मांडीवर नकाशाची गुंडाळी.

त्यांच्या आधी परळचे एक गृहस्थ होते. त्यांच्या इमारतीसमोर मैदानाचं आरक्षण पडलं होतं आणि त्यांची हरकत मुलांच्या आवाजाला होती.

"मुलं खेळतील म्हणून मैदान नको?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खेळू देत ना. आमच्यासमोर नको."

"प्रत्येक मैदान कुणाच्या तरी समोरच असतं हो," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

मग सोनूबाईच्या घराचं नाव पुकारलं. हितेंद्रने उभं राहून टाइप केलेला कागद वाचला. घरी ओटीवर वाचला होता तेव्हा त्यातले शब्द कागदाचे वाटले होते. इथे उंच छताखाली ते तुळशीदासाच्या अंगावर पडताना दिसत होते. 'विस्मरणाने ग्रस्त' म्हटल्यावर बाकावरच्या दोन-तीन माणसांनी माना वळवून, म्हातारा कोणता ते पाहिलं.

"तुळशीदास कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

तो उठला. इस्त्रीचा सदरा, कपाळावर बुक्का. किर्तीने सकाळी तो पुसायला सांगितला होता. त्याने ऐकलं नव्हतं.

"बसूनच बोला, काका. त्या दिवशी पाहणीवाले आले होते, ते आठवतं?"

"आठवत नाय."

"ही सही तुमचीच ना?"

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "आठवत नाय."

"बरं. आज वार कोणता?"

त्याची नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे गेली आणि तिथून घाईने खाली आली. "आठवत नाय."

सोनूबाई त्याच्या शेजारी बसली होती. त्याचे हात मांडीवर होते आणि उजव्या हाताचं बोट धोतरावर हळू हळू चालत होतं. वीणेच्या तारेवर चालावं तसं. हा माणूस रात्र रात्र पोथीकडे न बघता अभंग म्हणत असे. कुणाचा चरण चुकला तर डोळे मिटूनच तो पुढचा शब्द देई. सबंध वाड्याचे जन्म, लग्नं, बुडालेल्या होड्या, तिथीसकट त्याच्या डोक्यात होत्या. आणि तो इथे परक्या माणसांपुढे एकेक करून ते सगळं खाली ठेवत होता, तिच्या खळ्यासाठी.

अध्यक्षबाईंचा आवाज मऊ झाला. त्यांना त्याची दया आली होती, आणि सोनूबाईला ती दयाच सोसवेना. "असू दे काका, घाबरू नका. एवढंच सांगा. तुमच्या वडलांचं नाव काय?"

तुळशीदासाचे ओठ हलले. सप्ताहाची वीणा खांद्यावर घेताना तो सगळ्यात आधी ते नाव घेत असे. त्याने वहिनीकडे पाहिलं.

"बस भावजी," सोनूबाई म्हणाली आणि उठली. "बाय, त्याला काय विचारू नको. तो काय इसरलेला नाय. इसरायचा तर त्याला येतच नाय. मी सांगतंय."

"मावशी," हितेंद्र दबक्या आवाजात म्हणाला, "बसा. सगळं बिघडेल."

"बिघडू दे."

प्रितेशने तिचा पदर धरला. "आये."

तिने तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, भाजी निवडताना देठ बाजूला करावा तसा. मग तिने सप्ताहाचं सांगितलं. सासऱ्याने दिलेला शब्द, वलांड्या कशा उतरवतात, खळं कसं धुतात. टेबलामागचा एक सदस्य घड्याळ बघत होता, त्याने बघायचं थांबवलं.

"म्हणजे यांना प्रश्न कळला होता," तो म्हणाला. "उत्तर समजून दिलं."

"समजून दिला. जेवढा विचारला तेवढ्याचा खरा उत्तर दिला. त्या दिशी नव्हती मासली."

"पण एरवी असते, हे कुणीतरी सांगायला हवं होतं ना, आजी."

"हां. मी सांगायला पायजे होता. मी तिथंच होते."

किर्तीने मान वर केली. प्रितेशनेही. तुळशीदास तेवढा जमिनीकडेच बघत राहिला, आणि सोनूबाईच्या एकदम लक्षात आलं की त्याला हे ठाऊक होतं. चहाचे कप घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेलेली वहिनी त्याने मांडवातून पाहिली असणार. तीन महिन्यांत तो एका शब्दाने बोलला नव्हता.

"त्याला नेम होता," ती म्हणाली. "मी भाईर होते. गल्लीत. मना कसला नेम नव्हता. च्या दिला मी त्यांना. सांगता आला असता."

"मग का नाही सांगितलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"लाज वाटली."

"कसली?"

"वासाची."

टेबलाच्या टोकाला लिहिणाऱ्या कारकुनाने पेन खाली ठेवलं.

"बाय, चाळीस वर्सं मी टोपली घेऊन बसमधून गेलंय. माजे शेजारची शीट रिकामी ऱ्हायची. पोरं नाक धरायची, त्यांच्या आया खिडकी उघडायच्या. सवय व्हते त्याची. मग एक पोरगा येतो, साहेबासारखा, आन बोलतो, आजी, किती स्वच्छ, वास पन नाय. जल्मात पयल्यांदा कोनी तसा बोलला. त्याला कसा सांगू, की बाबा, आठ दिसांनी ये, हितं जवळा पसरलेला असंल? नाय सांगवला. त्या एका वाक्यापायी मी गप ऱ्हायले. आन तीन म्हैने ह्या मानसाला बोलत ऱ्हायले."

ती बसली. तिला वाटलं होतं, हे सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. 

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत कपाळावर चढवला. मग हितेंद्रकडे पाहिलं. "विस्मरणाचा परिच्छेद तुम्ही लिहिलात?"

"मॅडम, अशिलाच्या हितासाठी..."

"तो ठेवायचाय की मागे घ्यायचाय?"

हितेंद्र प्रितेशकडे वळला. प्रितेशने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद ओढला आणि त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली म्हणून दुसरी मारली. मग समासात सही केली आणि कागद पुढे सरकवताना काकांकडे न बघता म्हणाला, "सॉरी, काका."

"ऱ्हाऊ दे," तुळशीदास म्हणाला.

"ऐका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सही केलेला नमुना मला पुसता येत नाही. पण त्याला हे जबाब जोडता येतात आणि फेरपाहणी मागता येते. गुरुवारी सकाळी माणसं येतील. त्या दिवशी खळं रोज असतं तसं ठेवा. स्वच्छ करू नका."

"वास येईल," सोनूबाई म्हणाली.

"येऊ दे की." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "काका, वडलांचं नाव राहिलं."

तुळशीदास उभा राहिला, हात जोडले आणि वडलांचं नाव सांगितलं. त्यांच्या वडलांचंही सांगितलं. त्यांच्याही. लिहिणाऱ्या कारकुनाला एकच हवं होतं, पण त्याने सगळी लिहून घेतली.

खाली रस्त्यावर आल्यावर हितेंद्र पुढच्या कामाला निघून गेला. प्रितेश टॅक्सी बघायला गेला, किर्ती त्याच्या मागोमाग. आणि जाता जाता तिने त्याच्या पाठीवर एक धपका मारला, लहानपणी मारायची तसा. दोघं दीर-भावजय फुलांच्या दुकानाच्या सावलीत उभे राहिले.

"तुमाला ठाव होता ना, भावजी? मी तिथं होते ते."

"होता."

"मग बोललात का नाय?"

"तुमी च्या घेऊन परत आलात तवा तोंडावर असा आनंद होता वयनी, का दादा गेल्यापासून मी तो बघितला नव्हता. म्हनला, कशाला मोडा."

सोनूबाईने पदराचं टोक दातांत धरलं आणि समोरच्या झेंडूच्या ढिगाकडे बघत राहिली.

"एक हाय," तो म्हणाला. "मी खोटा बोललो वर. तीन वेळा. यंदा वीणा माज्या खांद्याव नको."

"खोटा तुमी बोललात, गप मी ऱ्हायले. मंग दोघंबी एकाच पंक्तीत. देवाला काय ते बघू दे. आन तुमी नाय घेतली तर पोरं बेसूर गातील. ते त्याला जास्ती लागंल."

तुळशीदास हसला. पण वीणेला 'हो' म्हणाला नाही. तिनेही त्याला पुढे ओढलं नाही.

गुरुवारी माणसं आली. अकरा बाया पहाटेपासून राबत होत्या. खाली गुलाबी जवळा, वर वलांड्या भरून बोंबील, कावळे, मांजरी, आणि दूरवर जाणारा तो वास. नाकाला रुमाल न लावता पाहणीवाल्यांनी मोजमाप घेतलं. उन्हाळ्यात आराखडा पक्का झाला. खळ्याच्या तिनांतल्या दोन हिश्शांवर 'मासळी वाळवण्याची जागा' असं छापून आलं. रस्त्याकडची पट्टी मात्र वाहनतळाला गेलीच. तीन बायांना आपल्या वलांड्या आत सरकवाव्या लागल्या, आणि जागेवरून त्यांची आजही अधूनमधून कुरबूर होते. त्याआधी, माघातल्या सप्ताहात, वीणा उभी राहिली ती किर्तीच्या खांद्यावर. तुळशीदास तिच्या मागे बसला होता, टाळ घेऊन, सात दिवस.

आता उठण्याआधी माझं एक मागणं आहे. घरी गेल्यावर खळ्याचा नकाशा विसरलात, अध्यक्षबाईंचं नाव विसरलात, माझा हा आवाजही विसरलात तरी हरकत नाही. पण ज्याला सगळं येत होतं आणि जो घरासाठी, चारचौघांत, 'आठवत नाय' म्हणाला, त्या तुळशीदासाची आठवण ठेवा. दिवा लावताना कधीतरी त्याचं नाव घ्या. आणि घ्याल तेव्हा, तो घ्यायचा तसं, आधी आपल्या वडलांचं.